आयला, आणि 'नाही' म्हणणारा माणूस

परवा आत्याचा फोन आला. "काय गं, लिहिणं सोडलंस की काय?"

सोडलं नाहीये, आत्या. एक विषय बरेच महिने डोक्यात अडकून बसला होता, आणि त्यात तूही आहेस, म्हणून हात धजावत नव्हता. आज लिहितेच. फक्त शेवटपर्यंत वाच हं, मधेच फोन करू नकोस.

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं आयलाला जाऊन आलो. (हसू नका. शिवी नाही, बेटाचं नाव आहे.) स्पेलिंग बघून कुणीही 'इस्ले' म्हणेल, पण उच्चार चक्क 'आयला'. ग्लासगोत नवीन होते तेव्हा ऑफिसातल्या एक वयस्कर बाई सुट्टीत कुठे जाणार म्हणून विचारल्यावर गंभीर चेहऱ्याने "आयला" म्हणाल्या होत्या, आणि मला खोकल्याचं नाटक करावं लागलं होतं. तेव्हापासून या बेटावर जायचं राहिलंच होतं.

स्कॉटलंडच्या नैऋत्येला, समुद्रात बाहेर सरकलेलं बेट. वस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास. व्हिस्कीसाठी जगभर नाव. (नवरा त्यासाठीच आला होता, हे वेगळं सांगायला नको.) बाकी मग मेंढ्या, वारा, आणि मैलोन्‌मैल पसरलेली पीटची तपकिरी ओली जमीन. पीट म्हणजे हजारो वर्षं दलदलीत कुजून दबलेलं गवत-शेवाळ. ते विटांसारखं कापून, वाळवून जाळतात. व्हिस्कीला जो धुराचा वास येतो तो त्याचाच. जाताना आम्ही बोटीने गेलो, दोन तासांहून जास्त लागले. येताना विमान. ग्लेनेगेडेल नावाच्या माळावर छोटासा विमानतळ आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या एस्‌टी स्टँडपेक्षा लहान असेल.

आणि त्या दिवशी धुकं पडलं.

आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या बाईंनीच आम्हाला गाडीने विमानतळावर सोडलं होतं. सत्तरीच्या पुढच्या, बोलायला गोड. विमान उशिरा, मग आणखी उशिरा, मग "नक्की सांगता येत नाही". मी आपली कुरकुर सुरू केली. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. एवढं काय धुकं आहे, रस्ता तर दिसतोय की! बाई शांतपणे म्हणाल्या, "इथे वैमानिक येत नाही म्हणाला तर आम्ही कुरकुर करत नाही. एकदा एक जण आला होता. असाच सप्टेंबर होता."

विमान येईपर्यंत त्यांनी जे सांगितलं त्याने माझी कुरकुर बंद झाली. घरी आल्यावर मग मी वाचत बसले. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. त्यातलं जे पक्कं आहे तेवढं सांगते.

२८ सप्टेंबर १९५७. आयलावर एक रुग्ण होता आणि त्याला ग्लासगोच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं होतं. ग्लासगोचा विमानतळ तेव्हा रेनफ्रूला होता. तिथून ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं एक छोटं, चार इंजिनांचं हेरॉन विमान निघालं. आत तिघं : कॅप्टन काल्डरवुड, रेडिओ ऑफिसर मॅकगिनले आणि सिस्टर जीन केनेडी. हवा वाईट होती. ग्लेनेगेडेलला उतरताना विमान कोसळलं. तिघंही गेले.

रुग्ण विमानात नव्हताच. ते त्याला आणायला निघाले होते.

हे वाचल्यावर मी बराच वेळ थांबले. अँब्युलन्सचा अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पेशंट येतो, सलाइन लावलेला, अत्यवस्थ. इथे गेलेली तिन्ही माणसं सकाळी धडधाकट उठलेली होती.

जीन केनेडी ग्लासगोच्या सदर्न जनरल हॉस्पिटलात होत्या. विमानाबरोबर जाणाऱ्या तिथल्या नर्सेस स्वेच्छेने जात. म्हणजे कुणी नेमलेलं नसे, यादीत स्वतःहून नाव द्यायचं आणि बोलावणं आलं की निघायचं. विमानात काही हॉस्पिटलची खोली नसते. बसायला जेमतेम जागा, इंजिनांचा आवाज, वाऱ्यात गचके. पेशंटला उलटी झाली तर ती, बाळंतपण झालं तर ते, सगळं तिनेच निस्तरायचं. विमान कंपनीच्या या हेरॉन विमानांना स्कॉटलंडच्या जुन्या नामवंत डॉक्टरांची नावं दिलेली होती. अपघातानंतर राहिलेल्या एका विमानाचं डॉक्टरचं नाव पुसून त्यावर 'सिस्टर जीन केनेडी' असं लिहिलं गेलं. पुढे ते विमान त्याच बेटांवर पेशंट आणायला जात राहिलं. हे मला फार आवडलं. पुतळा नाही, चौकाला नाव नाही. तिचं काम करणाऱ्या विमानालाच तिचं नाव.

आता थोडं मागे जाते, म्हणजे आयलाच का ते कळेल.

स्कॉटलंडचा उत्तरेचा डोंगराळ भाग आणि ही बेटं म्हणजे गरिबी, तुरळक वस्ती आणि डॉक्टरची वानवा. डॉक्टर यायचा तर तो पोट कशावर भरणार? १९१२ साली सरकारी समितीने याचा अहवाल दिला आणि १९१३ साली या भागासाठी सरकारी खर्चाने वेगळी वैद्यकीय सेवा सुरू झाली. सगळ्या ब्रिटनला राष्ट्रीय आरोग्य सेवा मिळाली १९४८ साली. म्हणजे या कोपऱ्यातल्या माणसांना त्याची चव पस्तीस वर्षं आधी मिळाली होती. डॉक्टर आले, नर्सेस आल्या, पण ऑपरेशन करायचं तर ग्लासगोच. आणि मधे समुद्र.

मग १४ मे १९३३. आयलावरचा एक कोळी पोटाच्या दुखण्याने मरणाच्या दारात. बोटीने नेण्याइतका वेळ नाही. तेव्हा एका नव्या खाजगी कंपनीची छोटी विमानं त्या बाजूला जायला लागली होती. कॅप्टन जिमी ऑरेल नावाच्या वैमानिकाने त्याला उचलून रेनफ्रूला आणलं, तिथून हॉस्पिटल. स्कॉटलंडच्या हवाई अँब्युलन्सची सुरुवात या उड्डाणापासून मोजतात. म्हणजे पहिला पेशंट आयलाचा, आणि चोवीस वर्षांनी तिघांचा बळी पडला तोही आयलाच्याच वाटेवर. मधल्या काळात या बेटांसाठी विमान म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा आडल्या-नडल्याचा आधार झाला होता. बारा नावाच्या बेटावर तर आजही विमान समुद्राच्या वाळूवर उतरतं, भरती-ओहोटी बघून वेळापत्रक ठरतं.

इथपर्यंत वाचून मी एक छानसा लेख लिहिणार होते. सेवा, त्याग, सिस्टर जीन केनेडी, डोळ्यांत पाणी वगैरे. अर्धा लिहिलाही होता. मग वाचता वाचता २००५ साल आलं आणि तो लेख मी खोडून टाकला.

१४ मार्च २००५ ची रात्र. आयलाच्या पूर्वेला किंटायर नावाचं लांबलचक जिभेसारखं द्वीपकल्प आहे, त्याच्या टोकाशी कॅम्बेलटाउन हे गाव. तिथे दहा वर्षांचा एक मुलगा आजारी होता, अपेंडिक्सचा संशय. ग्लासगोहून दोन इंजिनांचं छोटं आयलँडर विमान निघालं. एक वैमानिक आणि एक पॅरामेडिक. मध्यरात्र उलटल्यावर विमान कॅम्बेलटाउनवर पोचलं. हवा खराब, धावपट्टी डोळ्यांनी बघून उतरण्यासारखी नाही, म्हणून उपकरणांच्या भरवशावर उतरायचं होतं. वैमानिकाने रेडिओवर सांगितलं की वळण पूर्ण झालं, आता येतोय. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. विमानाचे अवशेष विमानतळापासून सुमारे १४ किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी सापडले. दोघंही गेले होते.

पुन्हा तेच. पेशंट विमानात नव्हता. त्याला आणायला निघालेले गेले.

ब्रिटनमध्ये विमान अपघातांची चौकशी करणारी स्वतंत्र सरकारी शाखा आहे. दोष कुणाचा हे ठरवणं हे तिचं कामच नाही. पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, एवढंच ती सांगते. तिचा या अपघातावरचा अहवाल कुणालाही वाचता येतो. मी वाचला. रडवणारं एकही वाक्य त्यात नाही, आणि तरी मला रात्री झोप आली नाही.

त्यात असं आहे : वैमानिकाने त्याआधी ३२ दिवस विमान चालवलेलं नव्हतं. त्यामुळे नियमाप्रमाणे त्या रात्री आधी ग्लासगोलाच एक छोटी फेरी मारून, हात पुन्हा बसवून घेऊन, मग पॅरामेडिकला घेऊन तो निघाला. कॅम्बेलटाउनला रडार नव्हतं, एअर ट्रॅफिक कंट्रोल नव्हतं. रेडिओवर माहिती देणारा माणूस होता, पण 'तू खाली चाललायस' हे त्याला कुठून दिसणार? विमान ठरलेल्या किमान उंचीच्या खाली उतरत गेलं, आणि बहुधा ते कुणाच्या लक्षात न येता समुद्रापर्यंत उतरत राहिलं. थकवा, कामाचा ताण आणि सराव तुटलेला असणं यांचा बहुधा त्यात वाटा होता. वैमानिकाला क्षणभर भ्रम झाला असेल, लक्ष विचलित झालं असेल, हीही शक्यता अहवालाने मोकळी ठेवली आहे. अशा छोट्या विमानात खांद्यावरून येणारे पट्टे असावेत, एकटा वैमानिक असेल तर ऑटोपायलट असावा, फार खाली आलात म्हणून इशारा देणारं उपकरण असावं, या दिशेने विचार करा, अशा शिफारशी केल्या. शिफारशी एकूण तीनच.

पट्टा! रात्री बारा वाजता दुसऱ्याच्या मुलासाठी समुद्रावरून जाणाऱ्या माणसाच्या खांद्याला पट्टा असावा, हे २००५ नंतर सांगावं लागलं.

माझं म्हणणं असं आहे. कुणी परोपकार करताना मेलं की आपण लगेच त्याला फार उंचावर नेऊन बसवतो. हुतात्मा, देवदूत, त्यागमूर्ती. त्यात आदर खरा असतो, मी नाही म्हणत नाही. पण एकदा माणूस देवदूत झाला की त्याला झोप किती मिळाली होती, किती दिवस विमान चालवलं नव्हतं, हे विचारायला आपल्याला लाज वाटते. देवदूताला कसला आलाय पट्टा? आणि त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. जीन केनेडी गेली आणि तू धुक्याला घाबरतोस?

आपल्याकडेही हे झालेलं आहे. २५ मे २०११ ला पाटण्याहून दिल्लीला पेशंट घेऊन निघालेलं पिलाटस विमान रात्री वादळी हवेत फरिदाबादच्या वस्तीत कोसळलं. विमानातले सातही गेले आणि जमिनीवरचे आणखी तिघं. अमेरिकेत तर जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या तीनच वर्षांत वैद्यकीय सेवेतल्या विमान आणि हेलिकॉप्टरांचे ५५ अपघात झाले, ५४ माणसं गेली. तिथल्या सरकारी मंडळाने २००६ साली यावर खास अहवाल काढला आणि एक साधी गोष्ट सुचवली. निघण्याआधी प्रत्येक वेळी धोका ठरलेल्या पद्धतीने तपासा, वैमानिकाच्या मनावर सोडू नका.

यातून मला कळलेली सगळ्यात विलक्षण गोष्ट पुढे आहे. अनेक हवाई अँब्युलन्स सेवांमध्ये अशी पद्धत आहे की वैमानिकाला पेशंटबद्दल काही सांगतच नाहीत. लहान मूल आहे की म्हातारा, हार्ट अटॅक की बाळंतपण, काही नाही. इथून तिथे जायचंय, हवा अशी आहे, जाता येईल का? बस. कारण 'दहा वर्षांचा मुलगा आहे' हे ऐकलं की जो ढग मगाशी काळा दिसत होता तोच थोडा पांढरा दिसायला लागतो. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, चांगला असतो म्हणून. आणि तिथल्या हेलिकॉप्टरवाल्यांत एक म्हण आहे : जायला तिघांचा होकार लागतो, न जायला एकाचा नकार पुरतो. वैमानिक, नर्स, पॅरामेडिक, कुणीही एकाने 'मला बरं वाटत नाही' म्हटलं की निघायचं नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे क्रूर वाटलं. पेशंटचं नावसुद्धा कळू द्यायचं नाही? मग हळूहळू पटत गेलं. डॉक्टरच्या मनात दया हवी, नर्सच्या मनात हवी, पॅरामेडिकच्या मनात हवी. विमान चालवणाऱ्याच्या हातात मात्र त्या वेळी फक्त हवामान असावं.

तुम्ही म्हणाल, ग्लासगोत बसून हे बोलणं सोपं आहे. इथे दहा मिनिटांवर हॉस्पिटल आहे. बेटावरच्या बाईचं काय? वैमानिक 'नाही' म्हणाला तर ती मरेल त्याचं काय?

खरंय. मरू शकते. मी इथे गुळमुळीत बोलणार नाही. 'नाही' म्हणण्याच्या हक्काची किंमत असते, आणि ती बहुतेक वेळा दूर राहणारा गरीब माणूसच मोजतो. पण म्हणूनच तर प्रश्न वैमानिकाच्या धैर्याचा राहत नाही. धावपट्टीवर दिवे आहेत का, रडार आहे का, एकाऐवजी दोन वैमानिक आहेत का, विमान नाही तर बोट, बोट नाही तर रस्ता असं काही दुसरं आहे का, तिथल्याच छोट्या दवाखान्यात सकाळपर्यंत पेशंटला धरून ठेवता येईल असा डॉक्टर आहे का, हे प्रश्न महत्त्वाचे होतात. २००६ साली स्कॉटलंडची ही सेवा मोठ्या किंग एअर विमानांवर गेली. जे जे असं बदलतं, त्याने 'नाही' म्हणायची वेळच कमी येते. शौर्यावर चालणारी व्यवस्था म्हणजे कुणाचं तरी काम दुसरा कुणीतरी जीव देऊन करतोय, एवढाच तिचा अर्थ.

आता आत्या, तुझ्याकडे येते.

हे सगळं वाचत असताना माझ्या डोक्यात एकच माणूस घुमत होता. त्याचं विमानाशी काही देणंघेणं नाही. त्याच्याकडे एक जुनी जीप होती. नाव लिहीत नाही, त्याची मुलं-नातवंडं गावात आहेत. आमच्या घरात त्याला नावाने कुणी म्हणतही नाही. 'तो भेकड' म्हणतात.

ब्लॉगवरच्या मित्रमंडळींसाठी थोडक्यात सांगते. आमचं गाव कोकणात, हमरस्त्यापासून बरंच आत. १९८३ चा जुलै. मी आठ वर्षांची. धाकट्या काकूचे दिवस भरले होते. रात्री दुखायला लागलं आणि काहीतरी बिनसलं. सुईणीने हात टेकले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी. तालुक्याला न्यायचं तर मधे नदी, आणि नदीवर फरशी. म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा तो ठेंगणा पूल. काकाने जीपवाल्याला झोपेतून उठवलं. तो लगेच आला. काकूला मागे झोपवलं, आजी, सुईण, काका आणि जीपवाल्याचा चौदा वर्षांचा भाचा, जो क्लीनर होता, एवढी माणसं. फरशीपाशी पोचले तर पाणी वरून जात होतं. जीपवाला खाली उतरला, कंदील धरून पुढे गेला, काठीने पाणी बघितलं. परत आला आणि म्हणाला, "नाय जमायचा."

काका त्याच्या पाया पडला. आजी पाया पडली. तो "नाय" म्हणाला. पाणी ओसरायची वाट बघत ते तिथेच थांबले. पहाटे काकू गेली. बाळही.

त्यानंतर आमच्या घरातलं कुणी त्याच्या जीपमध्ये बसलं नाही. गणपतीत अख्ख्या वाडीला आमच्याकडे आरतीला बोलावणं असायचं, त्याला नाही. आम्ही पोरंसोरं तो रस्त्याने दिसला की एकमेकांना ढोसायचो, भेकड चाललाय बघ. मीसुद्धा. भेकड या शब्दाचा अर्थ मी त्याच्यावरूनच शिकले.

नव्वदीच्या दशकात तिथे उंच पूल झाला. त्या दिवशी आपल्या घरातून नारळ गेला होता, आठवतंय? काकानेच फोडला. गाव जमलं होतं. तो लांब, आंब्याखाली उभा होता.

आयलाच्या त्या बाई म्हणाल्या, "येत नाही म्हणाला तर आम्ही कुरकुर करत नाही," तेव्हा मला पहिल्यांदा तो आंब्याखाली उभा दिसला. चेहरा वगैरे नाही, नुसता पांढरा शर्ट.

आत्या, मी हिशेब मांडत नाहीये. काकू तुझी जिवाची मैत्रीण होती, हे मला माहीत आहे. तो गेला असता तर कदाचित जीप पार झाली असती, काकू वाचली असती, आज तिचं मूल चाळिशीत असतं. असंही झालं असतं. किंवा जीप वाहून गेली असती, आणि आजी, काका, सुईण, तो भाचा, सगळे गेले असते. मग आपण जीपवाल्याला काय म्हटलं असतं? वीर म्हटलं असतं, नाही? पंचायतीसमोर फोटो लावला असता. म्हणजे सहा जणांना घेऊन बुडाला असता तर आपला, आणि पाच जणांना परत आणलं म्हणून भेकड.

त्या जीपमध्ये त्याला सगळं माहीत होतं. मागे कोण आहे, किती दिवस भरलेत, कण्हणं ऐकू येत होतं, आई पाया पडत होती. वैमानिकाला जे कळू नये म्हणून लोक आज नियम करतात, ते सगळं त्याच्या कानात होतं, आणि तरी तो कंदील धरून पाण्यात उतरला, बघितलं, आणि जे दिसलं ते सांगितलं. याला मी आता भेकडपणा म्हणू शकत नाही. आणि 'नाय' म्हणून घरी निघून गेला नाही तो. पहाटेपर्यंत तिथेच पावसात उभा होता. हे मला काकाने एकदाच, खूप वर्षांनी सांगितलं होतं, आणि मग विषय बदलला होता.

राग करायचाच तर तो फरशी तेवढीच ठेंगणी ठेवणाऱ्यांचा करायला हवा होता. डॉक्टरची जागा रिकामी ठेवणाऱ्यांचा करायला हवा होता. पण ते कुठे आपल्याला रस्त्यात दिसत होते? जीपवाला दिसत होता. रोज दिसत होता. दिसणाऱ्यावर राग काढणं सोपं, आणि मेलेल्याला देवदूत करणं सोपं. दोन्हीत मग पूल तसाच राहतो. आपल्याकडे तो आणखी दहा-बारा वर्षं तसाच राहिला.

असो. फार लांबलं.

त्या दिवशी ग्लेनेगेडेलला संध्याकाळी धुकं थोडं विरलं, विमान आलं, आणि आम्ही पाऊण तासात ग्लासगोत होतो. विमान उडताना खाली ती पीटची तपकिरी जमीन दिसत होती, धुक्याचे पुंजके अडकलेली. १९५७ साली त्या तिघांचं विमान नेमकं कुठे पडलं ते मला ओळखता आलं नाही. कॅप्टनने दारात उभं राहून सगळ्यांना उशिराबद्दल सॉरी म्हटलं. मी त्याला थँक यू म्हटलं. नवऱ्याला वाटलं मी औपचारिकपणे म्हणतेय.

यंदा गणपतीला मी गावी येतेय, तिकीट काढलंय. आईकडून कळलं की जीपवाला आता सत्तरीच्या पुढे आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण असतो घरीच. मी त्याच्याकडे जाऊन त्याला आपल्याकडे आरतीला बोलावणार आहे. त्याला यावंसं वाटेल की नाही, माहीत नाही. त्यालाही 'नाही' म्हणायचा हक्क आहे.

पण आत्या, मी एकटी गेले तर तो म्हणेल, परदेशातली पोरगी आली आणि शहाणपण शिकवून गेली. तू बरोबर आलीस तर त्याला अर्थ आहे. विचार कर. आणि रागावली असशील तर फोन करून रागाव, कमेंटमध्ये नको, तिथे सगळे वाचतात.